सुप्त क्षयसंसर्गाच्या निदान चाचण्या : खर्च-परिणामकारकतेच्या तुलनेची चिकित्सा

१. प्रास्ताविक

क्षयरोगाचे जंतू शरीरात शिरले आहेत, परंतु खोकला, ताप, वजन घटणे यांपैकी एकही लक्षण नाही, छातीच्या एक्स-रेमध्ये दोष नाही आणि इतरांना लागण होण्याची भीतीही नाही, या अवस्थेस सुप्त क्षयसंसर्ग असे म्हटले जाते. हॉबेन आणि डॉड यांनी २०१६ साली मांडलेल्या अंदाजानुसार जगातील जवळजवळ एक चतुर्थांश लोकसंख्या या अवस्थेत आहे. भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षे व त्यावरील वयोगटात हे प्रमाण सुमारे ३१ टक्के आढळले. या सर्वांना क्षयरोग होतोच असे नाही. प्रतिबंधक उपचार न मिळाल्यास त्यांपैकी सुमारे ५ ते १० टक्के व्यक्तींना आयुष्यात केव्हातरी रोग जडतो आणि हा धोका संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असतो.

संसर्ग ओळखण्यासाठी एकाहून अधिक चाचण्या उपलब्ध असल्यामुळे त्यांपैकी कोणती चाचणी खर्चाच्या मानाने अधिक परिणामकारक, हा प्रश्न गेल्या दोन दशकांत आरोग्य अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी पुनःपुन्हा हाताळला आहे. अभ्यास पुष्कळ झाले, पण त्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. या विसंगतीचे कारण संशोधकांच्या गणितात शोधण्याऐवजी प्रश्नाच्या मांडणीतच शोधले पाहिजे. खर्च-परिणामकारकता हा चाचणीच्या अंगचा गुणधर्म नाही. चाचणी कोणावर, कोठे आणि पुढील कोणत्या व्यवस्थेच्या भरवशावर केली जाते यावर ती ठरते. या दृष्टीने सदर अभ्यासपरंपरेची चिकित्सा करणे आणि भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील पुराव्याच्या आधारे तिच्या मर्यादा दाखविणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

२. चाचण्यांची पूर्वपीठिका

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला आणि १८९० साली ट्युबरक्युलिन हे द्रव्य पुढे आणले. औषध म्हणून ते निरुपयोगी ठरले, तथापि निदानाचे साधन म्हणून टिकले. क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०७ साली त्वचेवर ओरखडा काढून ट्युबरक्युलिनची प्रतिक्रिया पाहण्याची पद्धत मांडली. लगोलग शार्ल मांटू यांनी ते त्वचेच्या थरात सुईने टोचण्याची पद्धत रूढ केली. मांटू चाचणी या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी शतकाहून अधिक काळ वापरात आहे. हातावर टोचल्यानंतर ४८ ते ७२ तासांनी तेथे उमटलेल्या कठीण फुगवट्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजला जातो. ही चाचणी स्वस्त आहे आणि तिला प्रयोगशाळा लागत नाही. मात्र तिच्यात दोन उणिवा आहेत. पहिली, टोचून घेणाऱ्याला निकालासाठी पुन्हा यावे लागते. दुसरी, ट्युबरक्युलिनमधील काही प्रथिने बीसीजी लशीतील जंतूंमध्येही असल्याने लस घेतलेल्या निरोगी व्यक्तीतही चाचणी सकारात्मक येऊ शकते.

या दुसऱ्या उणिवेवर उपाय म्हणून इंटरफेरॉन-गॅमा मोजणाऱ्या रक्तचाचण्या पुढे आल्या. त्यांना संक्षेपाने ‘इग्रा’ म्हटले जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने क्वांटिफेरॉन या चाचणीच्या पहिल्या आवृत्तीस २००१ साली, तर टी-स्पॉट चाचणीस २००८ साली मान्यता दिली. इग्रा चाचण्यांच्या प्रगत आवृत्त्यांत वापरली जाणारी ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रतिजने बीसीजीच्या जंतूत नसतात, त्यामुळे लशीचा परिणाम निकालावर होत नाही. रक्त एकदाच द्यावे लागते. परंतु नमुना ठरावीक तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवून तो ३७ अंश तापमानात ठेवावा लागतो. त्यासाठी उपकरणे, प्रशिक्षित मनुष्यबळ आणि अखंड वीजपुरवठा आवश्यक असतो.

येथे एक मूलभूत अडचण नोंदविणे अगत्याचे आहे. सुप्त संसर्ग निश्चितपणे सिद्ध करणारी कोणतीही प्रमाण कसोटी अस्तित्वात नाही. म्हणून या चाचण्यांची संवेदनशीलता प्रत्यक्ष क्षयरुग्णांवर आणि विशिष्टता संसर्गाची शक्यता अत्यल्प असलेल्या व्यक्तींवर मोजली जाते. पै, झ्वेर्लिंग आणि मेन्झीस यांच्या २००८ सालच्या संकलनात मांटूची संवेदनशीलता ७७ टक्के, क्वांटिफेरॉनच्या दोन आवृत्त्यांची ७८ व ७० टक्के आणि टी-स्पॉटची ९० टक्के आढळली. बीसीजी न घेतलेल्यांत मांटूची विशिष्टता ९७ टक्के होती. लस घेतलेल्यांत ती बरीच कमी होती आणि अभ्यासागणिक बदलत होती. अर्थशास्त्रीय प्रतिमानांत हेच आकडे सुप्त संसर्गाचे म्हणून वापरले जातात. अर्थात, तुलनेचा पायाच अप्रत्यक्ष पुराव्यावर उभा आहे.

३. तुलनेची परिभाषा आणि तिच्यातील गृहीतके

दोन चाचण्यांची तुलना करताना एकीवर होणारा जादा खर्च आणि तिच्यापासून मिळणारा जादा लाभ यांचे गुणोत्तर काढले जाते. लाभ हा टळलेल्या रुग्णांच्या संख्येत अथवा गुणवत्ता-समायोजित जीवनवर्षांत मोजतात. हे गुणोत्तर ठरावीक मर्यादेच्या आत असल्यास चाचणी ‘किफायतशीर’ ठरते. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने या अभ्यासांच्या काळी अशा एका जीवनवर्षासाठी २०,००० ते ३०,००० पौंडांची मर्यादा मानली होती. विकसनशील देशांतील अनेक अभ्यासांनी दरडोई राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक ते तीन पट ही मर्यादा स्वीकारली. ही मर्यादा इतकी सैल आहे की तिच्या आत जवळजवळ काहीही बसते आणि प्रत्यक्ष अंदाजपत्रकात पैसा आहे की नाही याचा तिच्याशी संबंध राहत नाही, अशी टीका २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्याच नियतकालिकात झाली. पुढील वर्षी संघटनेच्या तज्ज्ञांनीही केवळ या मर्यादेवर निर्णय घेणे योग्य नव्हे असे स्पष्ट केले.

मर्यादेइतकाच महत्त्वाचा प्रश्न खर्च कोणाचा मोजायचा हा आहे. केवळ आरोग्ययंत्रणेचा खर्च धरल्यास मांटू चाचणी स्वस्त दिसते. परंतु निकाल दाखविण्यासाठी दुसऱ्यांदा यावे लागणाऱ्या शेतमजुराची बुडालेली मजुरी, एसटीचे भाडे आणि सोबत आलेल्या माणसाचा दिवस यांचा हिशेब केल्यास चित्र बदलते. उलटपक्षी इग्रासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागणार असेल, तर एकाच फेरीचा तिचा लाभही उरत नाही. यांपैकी कोणता हिशेब मांडला गेला हे न पाहता केवळ अंतिम गुणोत्तर उद्धृत करणे ही दुय्यम लेखनातील नित्याची चूक आहे.

४. ब्रिटनमधील निष्कर्षांची अस्थिरता

या विषयावरील सर्वाधिक काटेकोर काम ब्रिटनमध्ये झाले. त्यामुळे निष्कर्षांची अस्थिरताही तेथेच सर्वांत स्पष्ट दिसते. २००६ सालच्या ‘नाइस’च्या मार्गदर्शिकेने दोन टप्प्यांची पद्धत सुचविली. तीनुसार प्रथम मांटू करावयाची आणि ती सकारात्मक आली तरच इग्रा. पारीक आणि सहकाऱ्यांच्या २०११ सालच्या अभ्यासाने स्थलांतरितांसाठी इग्रा ही एकच चाचणी पुरेशी व किफायतशीर असल्याचे दाखविले आणि कोणत्या देशांतून येणाऱ्यांची तपासणी करावी याच्या निरनिराळ्या सीमारेषा तपासल्या. लाखामागे १५० हून अधिक रुग्ण ही रेषा स्वीकारल्यास भारतीय उपखंडातून येणारे त्यात समाविष्ट होतात. २०१६ साली ‘नाइस’ने मांटूची सीमारेषा लस घेतली असो वा नसो ५ मिलिमीटर अशी एकसमान केली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ऑगस्ट आणि सहकाऱ्यांच्या विस्तृत अहवालात एकाच देशातील तीन गटांसाठी तीन वेगळी उत्तरे निघाली. बालकांसाठी मांटू नकारात्मक आल्यास क्वांटिफेरॉन, प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांसाठी क्वांटिफेरॉन नकारात्मक आल्यास मांटू, तर नव्याने आलेल्या स्थलांतरितांसाठी मांटूचा पर्याय मांटू-पश्चात इग्रापेक्षा सरस ठरला.

एका दशकात, एकाच देशात, एकाच आरोग्यव्यवस्थेत उत्तर इतके बदलत असेल, तर ते संशोधकांच्या अकार्यक्षमतेचे लक्षण नाही. गट बदलला की संसर्गाचे प्रमाण बदलते, प्रमाण बदलले की खोट्या सकारात्मक निकालांचा वाटा बदलतो आणि वाटा बदलला की खर्च बदलतो, एवढेच त्यातून सिद्ध होते.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. दोन चाचण्यांची संवेदनशीलता ८० टक्के, पण पहिलीची विशिष्टता ८५ आणि दुसरीची ९७ टक्के आहे असे मानू. १,००० व्यक्तींपैकी १०० जणांना संसर्ग असेल, तर दोन्ही चाचण्या ८० खरे संसर्गित शोधतात. मात्र पहिली १३५ जणांना आणि दुसरी २७ जणांना विनाकारण संसर्गित ठरविते. पहिलीच्या दर १०० सकारात्मक निकालांत खरे सुमारे ३७, दुसरीच्या सुमारे ७५. आता संसर्गितांची संख्या ४०० आहे असे धरल्यास खरे सकारात्मक ३२० होतात आणि खोटे अनुक्रमे ९० व १८. खऱ्यांचे प्रमाण ७८ आणि ९५ टक्क्यांवर येते. संसर्ग दुर्मीळ असलेल्या समाजात महागड्या चाचणीचा जो लाभ दुपटीचा दिसतो, तो संसर्ग व्यापक असलेल्या समाजात बराच आटतो. पाश्चात्त्य निष्कर्ष जसेच्या तसे भारतात आणण्यातील पहिला धोका हाच आहे.

५. सेवाग्रामचा पुरावा

दुसरा धोका बीसीजीविषयीच्या गृहीतकाचा आहे. इग्राच्या बाजूने केल्या जाणाऱ्या युक्तिवादाचा कणा, लस घेतलेल्या समाजात मांटू विश्वासार्ह नाही, हा आहे. या युक्तिवादाची कसोटी वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात लागली. पै आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांवर दोन्ही चाचण्या करण्यात आल्या. मांटू ४१ टक्क्यांत आणि इग्रा ४० टक्क्यांत सकारात्मक आली. दोन्ही चाचण्यांचे निकाल सुमारे ८१ टक्के व्यक्तींत जुळले. पूर्वी घेतलेल्या बीसीजीचा निकालांवर फारसा परिणाम आढळला नाही. वय आणि वैद्यकीय क्षेत्रातील सेवेची वर्षे जसजशी वाढतात तसतसा संसर्ग वाढतो, असे मात्र निश्चितपणे दिसले.

याचे स्पष्टीकरण फरहात आणि सहकाऱ्यांच्या २००६ सालच्या संकलनात मिळते. जन्मतः दिलेल्या बीसीजीचा मांटूवरील परिणाम दहा वर्षांनंतर नगण्य उरतो. लस मोठ्या वयात किंवा वारंवार दिली गेली असेल तेथेच तो टिकून राहतो. भारतात लस जन्मानंतर लगेच आणि एकदाच दिली जाते. म्हणजेच इग्राचे जे वैशिष्ट्य युरोपात तिची किंमत सार्थ ठरविते, त्याची भारतीय प्रौढांच्या बाबतीत तितकीशी आवश्यकता नाही.

सेवाग्राममध्येच वैद्यकीय व परिचर्या शाखेच्या विद्यार्थ्यांवर पुनःचाचणीचा अभ्यास झाला व तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रारंभी इग्रा सकारात्मक असलेल्या ३८ जणांपैकी ९ जणांचा निकाल पुढील चाचणीत नकारात्मक आला. संसर्ग खरोखर नाहीसा झाला की मोजमाप सीमारेषेच्या आसपास हेलकावत राहिले, हे सांगणे अवघड आहे. परंतु दरवर्षी कर्मचाऱ्यांची चाचणी घेण्याचे धोरण आखणाऱ्या कोणत्याही रुग्णालयास हा आकडा दुर्लक्षून चालणार नाही. खर्च-परिणामकारकतेच्या प्रतिमानांत मात्र एकदाचा निकाल हा बहुधा अंतिम मानला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत मांटूच्या जागी इग्रा आणू नये असा सल्ला दिला, त्यामागे याच स्वरूपाचा विचार होता. २०१८ मध्ये संघटनेने दोहोंपैकी कोणतीही चाचणी वापरण्यास मुभा दिली. श्रेष्ठत्वाचा वाद निकालात निघाला म्हणून हे घडले नाही. कोणतीच चाचणी पुढे रोग कोणास होईल हे समाधानकारकरीत्या सांगू शकत नाही, हे तोवर पुरेसे स्पष्ट झाले होते.

६. चाचणीनंतरची साखळी

चाचणी स्वतः कोणालाही बरे करत नाही. तिचा सर्व लाभ पुढील प्रतिबंधक उपचार पूर्ण होण्यावर अवलंबून असतो. अल्सडर्फ, मेन्झीस व सहकाऱ्यांनी २०१६ साली ७ लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे संकलन करून या साखळीतील गळती मोजली. तपासणी व्हावयास हवी होती अशा दर १०० जणांपैकी सुमारे ७२ जणांची चाचणी पूर्ण झाली, सुमारे ४४ जणांची वैद्यकीय तपासणी झाली, ३५ जणांना उपचाराची शिफारस झाली आणि उपचार पूर्ण करणारे १९ उरले.

या पार्श्वभूमीवर पुन्हा एक काल्पनिक हिशेब मांडता येतो. १०० संसर्गित सहवासितांपैकी स्वस्त चाचणी ८० जणांना आणि महाग चाचणी ८८ जणांना ओळखते असे धरू. ओळखल्या गेलेल्यांपैकी चौथा हिस्साच उपचार पूर्ण करत असेल, तर अखेरीस संरक्षण मिळते ते अनुक्रमे २० आणि २२ जणांना. चाचणीवरील संपूर्ण जादा खर्चाचे फळ दोन व्यक्ती एवढेच. तोच पैसा आशा सेविकेच्या गृहभेटी, औषधांचा अखंड पुरवठा आणि अल्प मुदतीची उपचारपद्धती यांवर खर्च होऊन उपचार पूर्ण करणारे पाचांत तीन झाले, तर स्वस्त चाचणीनेच ४८ जणांना संरक्षण मिळते. चाचणी-चाचणीमधील तुलनेत ही दुसरी शक्यता विचारातच घेतली जात नाही.

उपचाराची किंमतही स्थिर नसते. रिफापेंटिन या औषधाच्या तीन महिन्यांच्या उपचाराची किंमत ऑक्टोबर २०१९ मध्ये झालेल्या करारान्वये शंभर विकसनशील देशांसाठी ४५ डॉलरवरून १५ डॉलरवर आली. सहा ते नऊ महिने रोज गोळी घेण्याऐवजी आठवड्यातून एकदा, अशा बारा मात्रांची पद्धत त्यामुळे आवाक्यात आली. उपचार स्वस्त व सुसह्य झाला की खोट्या सकारात्मक निकालामुळे होणारे नुकसान घटते आणि महाग विशिष्टतेचे मोल कमी होते. २०१९ पूर्वीच्या प्रतिमानांचे निष्कर्ष आज उद्धृत करताना एवढी एक दुरुस्ती तरी अपरिहार्य आहे.

७. वगळला गेलेला पर्याय

तुलनेत कोणते पर्याय ठेवावयाचे, हा सर्वांत निर्णायक प्रश्न असतो. बहुसंख्य अभ्यासांत मांटू, इग्रा आणि दोहोंचे क्रम एवढेच पर्याय असतात. भारतासारख्या देशात मात्र चाचणी न करता, केवळ सक्रिय क्षयरोग नाही याची खात्री करून थेट प्रतिबंधक उपचार देणे, हा वास्तव पर्याय आहे. २०२१ सालच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पाच वर्षांखालील सहवासित बालके आणि एचआयव्ही-बाधित व्यक्ती यांच्यासाठी संसर्गाची चाचणी आवश्यक मानलेली नाही. मोठ्या वयाच्या घरातील सहवासितांबाबतही चाचणी उपलब्ध नाही म्हणून उपचार नाकारू नये, अशी भूमिका आहे.

हा पर्याय सर्वत्र निर्दोष आहे असे नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत कामगारांच्या संपूर्ण समूहांना चाचणीविना आयसोनियाझिड देण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. उपचार चालू असेतो व्यक्तीला संरक्षण मिळाले, परंतु खाणीतील रोगाचे प्रमाण घटले नाही. एचआयव्ही-बाधितांबाबत बोट्स्वानातील २०११ सालच्या अभ्यासात लाभ मुख्यतः मांटू सकारात्मक असलेल्यांना झाला, तर केपटाउनजवळील वस्तीतील २०१४ सालच्या अभ्यासात तो त्यांच्यापुरता मर्यादित राहिला नाही. या अनुभवांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पुनःसंसर्गाचा धोका मोठा असलेल्या समाजात एकदाच्या उपचाराचा लाभ दीर्घकाळ टिकेल असे गृहीत धरता येत नाही. तसेच चाचणीचे मोल ठरवावयाचे असेल तर तिची तुलना दुसऱ्या चाचणीइतकीच चाचणीच्या अभावाशीही केली पाहिजे.

८. नवी त्वचा चाचणी

अलीकडे तिसरा पर्याय पुढे आला आहे. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० हीच प्रतिजने त्वचेत टोचण्याच्या चाचण्या विकसित झाल्या असून जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली त्यांची शिफारस केली. यांपैकी ‘सी-टीबी’ ही चाचणी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटतर्फे उत्पादित होते आणि तिला भारतात २०२२ साली मान्यता मिळाली. इग्राची विशिष्टता आणि मांटूची सुलभता यांचा मेळ तिच्यात साधला आहे. लशीचा अडसर नाही, प्रयोगशाळेची गरज नाही, ५ मिलिमीटर ही एकच सीमारेषा आहे. तथापि ४८ ते ७२ तासांनी पुन्हा यावे लागणे टळलेले नाही. साखळीतील पहिली गळती जेथे होते, तो दुवा तसाच कच्चा राहिला आहे. म्हणून या चाचणीचे मूल्यमापन करतानाही केवळ कुपीची किंमत आणि विशिष्टता यांची तुलना करण्याची जुनी चूक पुन्हा होऊ नये. निकाल वाचण्यासाठी व्यक्तीने केंद्रात यावे, की आरोग्यसेविकेने तिच्या घरी जावे, या एका प्रश्नाच्या उत्तराने तिची किफायत वर किंवा खाली जाऊ शकते.

९. समारोप

सुप्त क्षयसंसर्गाच्या चाचण्यांची खर्च-परिणामकारकता तपासणारे साहित्य निरुपयोगी नाही. कोणते घटक निर्णायक आहेत हे त्यानेच दाखवून दिले. त्याच्या निष्कर्षांना मात्र स्थल-काल-निरपेक्ष सत्याचे रूप देता येत नाही. संसर्गाचे प्रमाण, लस देण्याचे वय, उपचाराची किंमत, पुनःसंसर्गाची शक्यता आणि उपचार पूर्ण होण्याचे प्रमाण या पाच बाबी बदलल्या की उत्तर बदलते. यांपैकी पहिल्या चार बाबी स्थानिक यंत्रणेच्या हाती फारशा नाहीत. पाचवी पूर्णतः तिच्या हाती आहे आणि तुलनात्मक अभ्यासांनी सर्वांत कमी लक्ष तिच्याकडेच दिले आहे.

भारतासाठी आवश्यक असलेला अभ्यास ‘मांटू की इग्रा’ या प्रश्नापाशी थांबणारा असू शकत नाही. चाचणीविना उपचार हा पर्याय तुलनेत ठेवणारा, रुग्णाच्या कुटुंबाचा खर्च मोजणारा आणि चाचणीवरील जादा रुपया व पाठपुराव्यावरील जादा रुपया यांना एकाच तराजूत घालणारा अभ्यास येथे हवा. सेवाग्रामच्या उदाहरणावरून असे काम महाराष्ट्रातील ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात उत्तम प्रकारे होऊ शकते, हे सिद्धच झाले आहे. क्षयरुग्णाच्या घरात त्याच्यासोबत एकाच खोलीत राहणाऱ्या लहान-थोरांच्या दृष्टीने चाचणीचे नाव गौण आहे. तिच्यानंतर औषध घरापर्यंत पोहोचले का आणि शेवटच्या मात्रेपर्यंत ते घेतले गेले का, यावरच त्यांचे संरक्षण आणि शासनाने केलेल्या खर्चाचे सार्थक अवलंबून आहे.